पेटी घेणार कोण

४ मार्च

ताई,

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. तुझा जुना नंबर लावला की एक बाई उचलते आणि तिच्या भाषेत मला झापते. पहिल्यांदा मी सॉरी म्हटलं, दुसऱ्यांदा आपल्या भाषेत तिला झापलं, आता आमची बऱ्यापैकी ओळख झालीय. पण ती तुला निरोप काही देत नाही. म्हणून हे पत्र तुझ्या हॉटेलच्या धुलाईखान्याच्या पत्त्यावर. चादरींबरोबर धुऊन टाकू नकोस.

बातमी अशी की मी येतेय. फिरायला नाही, राहायला. तुझ्याच शहरातल्या बंदरावरच्या गोदामात मला फोर्कलिफ्ट चालवायला घेतलंय. तीन वर्षांचं काम. मुलाखत घेणाऱ्या साहेबानं विचारलं, "अनुभव?" मी म्हटलं, "बाबांचा पॅकिंगचा कारखाना आहे, लहानपणापासून तिथंच चालवतेय." "अपघात?" "एक भिंत पडली. पण ती पाडायचीच होती." तो हसला, म्हणजे काम झालं. शाळेत एकाच वर्गात दोनदा बसलेली तुझी बहीण आता परदेशात लोकांचा माल उचलणार.

बाबांना सांगायला गेले तेव्हा ते एका मोठ्या यंत्राच्या पेटीला खिळे ठोकत होते. तुला माहितीये, खिळे ओठांत धरलेले असले की त्यांना काही विचारलं तरी चालतं, उत्तर येत नाही. म्हणून तीच वेळ साधली. त्यांनी एकेक खिळा ओठांतून काढून डबीत ठेवला. मग म्हणाले, "कुठं?" मी शहराचं नाव सांगितलं. "तिकडेच?" "तिकडेच." परत खिळे तोंडात.

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत देवदारच्या फळ्या येऊन पडल्या. "पेटी करतो तुझी," म्हणाले. "जायचं तर सामान माझ्या पेटीतून जाईल."

हे वाचून तुझ्या कपाळाला आठ्या चढल्या असतील. तुझी पेटी मीही विसरले नाही. तू गेल्यावर तुझं ते पत्र आलं, ते बाबांना वाचून दाखवायचं काम माझ्याच नशिबी होतं. "तुम्ही यंत्राला बांधता तसं माझं सामान बांधून दिलंत. उघडलं तर आईच्या शालीवर बुरशी, बुटांत बुरशी. तुमच्या पेटीनं माझं सगळं कुजवलं." ते शेवटचं वाक्य त्यांनी मला परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "माझी पेटी गळत नाही." बस. त्या दिवसापासून तुझा विषय निघाला की 'तिकडची ती'. तूही त्यानंतर मला लिहिलंस, त्यांना नाही. एका पेटीवरून तीन वर्षं. लोक जमिनीवरून भांडतात, तुम्ही बुरशीवरून.

असो. मला विचारायचंय ते एवढंच, की तुझ्या खोलीत मी मावेन का? मी जाड झालेली नाही. घोरते, पण तालात.

तुझी,
टाचणी

२३ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. "ये. खाट एकच आहे, आळीपाळीनं झोपू, माझी रात्रपाळीच असते. पण त्यांची पेटी आणलीस तर दारातून परत पाठवीन." पहिल्या दोन वाक्यांनी मी नाचले, तिसऱ्यानं बसले.

आधी कामाचं सांगते. तू लिहिलंस तसं केलंय. जीन्स सगळ्या बाद. वाळायला तीन दिवस आणि घातल्यावर अर्ध्या तासात परत ओल्या, हे वाचूनच मांड्यांना खाज सुटली. चामड्याचा पट्टा बाद. शेजारच्या शिंपीणकाकूंनी सैल सुती सदरे शिवून दिलेत. "काखेत हवा खेळली पाहिजे बाई," म्हणत त्यांनी एवढ्या मोठ्या बाह्या सोडल्यात की मी हात वर केला तर दोन्ही बाजूंनी वारा आरपार जातो. त्यातला एक घालून कारखान्यात गेले तर आपलाच कुत्रा भुंकला. पातळ पंचे घेतलेत, दोन छत्र्या, दोरी, चिमटे, अंगाला लावायची पावडर, औषधं घट्ट झाकणाच्या डब्यात. रबरी चपला दोन जोड.

आता अडचण सांगते. अडचणीचं नाव बाबा.

परवा मी नव्हते तेव्हा त्यांनी माझे सदरे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले आणि मशिननं आतली सगळी हवा ओढून घेतली. घरी आले तर पलंगावर पुठ्ठे रचलेले. मी एक पुठ्ठा उचलला, त्याला बटणं होती. बुटांना त्यांनी ग्रीस लावलं. वरून नाही, आतून. "समुद्राच्या हवेत गंज धरतो," म्हणे. मी म्हटलं, "बाबा, माझ्या पायाला गंज धरत नाही." म्हणाले, "तुला काय माहीत." घालून बघितले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवरून थेट फाटकापर्यंत आले, मधल्या पायऱ्या लागल्याच नाहीत.

सूड म्हणून त्यांच्या पाठीवर 'नाजूक माल, आपटू नये' ही पट्टी चिकटवली. तसेच बँकेत जाऊन आले. संध्याकाळी म्हणाले, "आज बँकेतला तो पोरगा फार चांगला वागला. उठून खुर्ची दिली."

पण ऐक, खरी गंमत पुढंच आहे. बाबा रोज तुझ्याबद्दल विचारतात. सरळ नाही. फळी तासता तासता, माझ्याकडं न बघता.

"तिकडची ती काही लिहिते का, हवेबिवेचं?"

"तिलाच विचारा ना."

"मला कशाला विचारायचंय. मालाच्या दृष्टीनं म्हणतोय."

तर मी तुझ्या नावानं उत्तरं द्यायला सुरुवात केलीय. पहिल्या दिवशी सांगितलं, ताईच्या चपलेत बेडूक राहतो, सकाळी ती त्याला बाहेर काढते, संध्याकाळी तो परत येतो. त्यावर ते म्हणाले, "काहीही." दुसऱ्या दिवशी सांगितलं, ताईच्या पट्ट्यावर अळंबी उगवली, तिनं अंड्यात परतून खाल्ली. ते थांबले. म्हणाले, "विषारी असतात त्या." तिसऱ्या दिवशी सांगितलं की ताईचा पंचा ती गेल्यापासून वाळलेलाच नाही, म्हणून तिनं अंघोळच सोडलीय. हे त्यांना पटलं नाही, पण जेवताना मधेच विचारलं, "वाळत नाही म्हणजे किती नाही?"

बघ, माणसाला झोप लागत नाहीये. आता तू खरं कळवलं नाहीस तर मी हे चालूच ठेवणार. पुढच्या आठवड्यात तुझ्या कानात शेवाळ.

हसून झालं असेल तर आता नीट वाच.

मी निघाले की या घरात बाबा आणि रेडिओ. रेडिओला ते उलट उत्तर देतात, पण रेडिओ ऐकत नाही. कारखान्यातल्या माणसांशी ते फक्त मापं बोलतात. आई असताना घरात आवाज तिचा होता, मग तुझा झाला, मग माझा. आता माझाही जाणार. संध्याकाळी ते कुलूप उघडून आत येतील आणि पुढं कुणी नाही. मला हे चालणार नाही.

म्हणून मी ठरवलंय. करारावर अजून सही केलेली नाही, एप्रिलअखेरपर्यंत वेळ आहे. तोवर तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात तर मी येते. नाही बोललात तर सही नाही, नोकरी गेली, आणि मी आयुष्यभर आपल्याच कारखान्यातल्या भिंती पाडत बसेन. नोकरी हवीय मला ताई, फार हवीय. पण यांना असं सोडून नकोय. मी चेष्टा करते म्हणून हीपण चेष्टा समजू नकोस.

टाचणी

११ एप्रिल

ताई,

एवढं रागावून लिहितेस आणि अक्षर मात्र तेवढंच सुंदर. मला राग आला की माझं अक्षर मीच ओळखत नाही.

"बेडकाचं त्यांना सांगितलंस? त्यांना खरं वाटलं असेल. धमक्या देऊ नकोस, सही कर. बोलायचं असेल तर त्यांनी बोलावं, मी आडवी आलेली नाही. खाली माझा नवा नंबर देतेय, तो तुझ्यासाठी आहे. त्यांना देऊ नकोस."

म्हणजे त्यांनी बोलावं, पण नंबर द्यायचा नाही. ताई, शाळेत पहिली तू यायचीस ना?

तर ऐक, काय होणार आहे ते तुला आधीच सांगून ठेवते. म्हणजे नंतर फसवलं म्हणू नकोस.

मी पेटीला हो म्हटलंय. थांब, पत्र फाडू नकोस. पेटी बोटीनं जाणार आणि मी मागून विमानानं. सगळं सामान मी त्यांच्या पेटीत घालीन असं म्हटलं तेव्हा बाबांचा चेहरा बघायला हवा होतास. लगेच रंधा शोधायला गेले, जो त्यांच्या हातातच होता. मी एकच अट घातली. म्हटलं, "बाबा, ही घरची पेटी म्हणून नाही. गिऱ्हाइकाची पेटी जशी पाठवता तशी पाठवायची. सगळे नियम."

"म्हणजे काय," म्हणाले, "माझ्याकडं दुसरी पद्धत आहे का?"

आहे. त्यांच्या लक्षात नाही, माझ्या आहे. तू लहानपणी अभ्यास करत होतीस, मी कारखान्यात मालाच्या पेट्यांवरून उड्या मारत होते, म्हणून मला माहीत. परगावी जाणारी कुठलीही पेटी बंद करण्याआधी बाबा माल घेणाऱ्याला स्वतः फोन करतात. पाठवणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. पेटी उतरणार कुठं, उघडणार कोण, उघडल्यावर माल राहणार कुठल्या हवेत. ते कळल्याशिवाय झाकण लागत नाही. कितीही मोठं गिऱ्हाईक असू दे, घाई असू दे. कारकुनाला कधी करू देत नाहीत तो फोन. "बांधणाऱ्यानं घेणाऱ्याला विचारायचं," म्हणतात, "नाहीतर नुसती लाकडाची ठोकाठोक."

आता तू आठव. तुझ्या पेटीच्या वेळी त्यांनी कुणाला फोन केला? कुणालाच नाही. कारण घेणारी तूच, आणि तू समोरच उभी होतीस, आणि तुलाही माहीत नव्हतं तिकडं हवा कशी असते. घरच्या माणसाला काय विचारायचं, म्हणून राहिलं. तेव्हा इकडं सतत पाऊस चाललेला, कपडे दोरीवरून काढून तसेच आत गेले, आणि त्यांनी ते यंत्रासारखे गच्च बंद केले. पेटी गळली नाही हे खरंच आहे. बाहेरची ओल आत गेली नाही आणि आतली बाहेर आली नाही. तुम्ही दोघंही बरोबर आहात, म्हणून तर मिटत नाहीये.

माझ्या पेटीचं तसं होणार नाही. पेटी पोचेल तेव्हा मी दिवसा गोदामात असेन, खोलीवर असणार तू. म्हणजे उतरवून घेणारी तू, उघडणारी तू, हवा तुझ्या खोलीतली. मी त्यांना नंबर देणार नाही, शब्द पाळते. मी फक्त पेटीवरच्या पट्टीत 'घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन' भरणार. तो काय, नियमच आहे.

पेटी २६ तारखेला बंद होणार. हे पत्र तोवर तुला मिळायला हवं. फोन दुपारी येईल, म्हणजे रात्रपाळीनंतरची झोप होऊन तू उठलेली असशील अशा वेळी. उचलायचा की नाही ते तुझं तू बघ. मी आता कुणाला काही सांगणार नाही. पेन घेऊन सहीच्या कागदापाशी बसलेय फक्त.

टाचणी

ता.क. बेडूक खरा वाटलाय त्यांना. चपलांसाठी जाळीचं झाकण असलेला डबा केलाय.

२८ एप्रिल

ताई,

फोनवर बोललं गेलं ते तुला माहीतच आहे, पण तुझ्याकडं नुसता आवाज आला असणार. इकडं काय चाललं होतं ते मी सांगते.

सकाळपासून पेटी कारखान्याच्या मधोमध तयार होती. आत जाड प्लास्टिकची पिशवी पसरलेली, तिचं तोंड बांधायला पट्ट्या कापून ठेवलेल्या, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या रांगेत. बाबांनी चष्मा चढवला आणि पट्टीवरचं नाव वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"हे काय?"

"घेणाऱ्याचं नाव."

"पेटी तुझी ना?"

"मी कामावर. घेणार ती."

"मग तू लाव फोन. विचार काय ते."

मी म्हटलं, "बाबा, बांधणाऱ्यानं घेणाऱ्याला विचारायचं. मी तर फोर्कलिफ्टवाली."

कामावरची माणसं ऐकत होती. त्यांच्यासमोर स्वतःचा नियम मोडणं बाबांना जमणारं नव्हतं, आणि माणसं समोर असतील अशीच वेळ मी निवडली होती, हे त्यांना तेवढ्यात कळलं. "डांबीस आहेस तू," म्हणाले आणि फोनपाशी गेले.

फोन लावताना आकडा चुकले. परत लावला. तू उचललास तेव्हा त्यांनी एकदम पाठ ताठ केली, गिऱ्हाइकाशी बोलताना करतात तशी. "नमस्कार. आपल्या नावानं एक पेटी निघतेय, त्याबद्दल बोलायचं होतं." मग ते फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. मला वाटलं ठेवलास. मी मनातल्या मनात कराराचा कागद फाडत होते. मग ते म्हणाले, "हो. मीच." आणि खिशातली पेन्सिल काढून, "पेटी उतरणार कुठल्या मजल्यावर?"

तू काय सांगत होतीस ते मला त्यांच्या बाजूनं थोडं थोडं कळत होतं. "भिंतीला पाणी सुटतं? आतून?" "खिडकी कुठल्या दिशेला?" "कपाटात दिवा का लावून ठेवतेस?" मग "रात्रंदिवस?" "आणि बुटांत कागद कोंबून ठेवतेस. रोज बदलतेस." सारखं तुझंच वाक्य परत म्हणत होते, पाठ करायला दिल्यासारखं. मधे तू जेवणाचं विचारलं असशील, कारण त्यांनी एकदम उत्तर दिलं, "दोन थर प्लास्टिक आहे," आणि मग, "हो, जेवतो."

शालीचं तू काढलंस की त्यांनी, ते मला कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाठ केली होती. फक्त एवढं ऐकलं, "ओली होती का ती, आत ठेवली तेव्हा?" आणि मग ते ऐकत राहिले. माणसं आपापल्या कामाला लागली. मीही झाडू घेऊन जे झाडलेलं होतं तेच झाडत बसले.

त्यांनी फोन ठेवला. सरळ पेटीपाशी आले आणि पात्यानं आतलं प्लास्टिक कापून बाहेर ओढलं. ज्या सदऱ्यांचे त्यांनी पुठ्ठे केले होते त्यांच्या पिशव्या फाडल्या. "उन्हात टाक सगळे," म्हणाले. "खडखडीत वाळल्याशिवाय आत जाणार नाहीत. कापड कोंडून चालत नाही तिकडं."

"कोण म्हणालं?"

"घेणारी."

आणि मग त्यांनी ड्रिल घेतलं. ताई, त्या माणसानं जन्मभर पेट्यांच्या फटी बुजवल्यात. कारखान्यात कुणाच्या पेटीतून उजेड दिसला तर ती पेटी तोडायला लावतात. त्यांनी स्वतःच्या हातानं केलेल्या पेटीच्या चारही अंगाला वरच्या कडेजवळ भोकं पाडली. पाणी आत जाऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला उतरती, किडे जाऊ नयेत म्हणून आतून बारीक जाळी. कामावरची माणसं बघतच राहिली. एकानं विचारलं, "मालक, हे काय करताय?" बाबा म्हणाले, "आधी विचारलं नव्हतं. आता विचारलं."

मग भोकापाशी तळहात धरून उभे राहिले, वारा येतो का बघत. मला म्हणाले, "तिकडच्या तिची..." आणि थांबले. मग तुझं घरातलं नाव घेतलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "खोली वाईट आहे गं तिची. मला वाटत होतं, चांगली असेल."

सही केली मी त्याच दुपारी. पेन सुकलं होतं, त्यांनीच दुसरं दिलं.

पेटी काल गेली. मी निघते पुढच्या महिन्यात, एक पिशवी आणि छत्री घेऊन. शिंपीणकाकू संध्याकाळी बाबांकडं डोकवायचं म्हणतायत, पण बाबा म्हणतात, गरज नाही, मला कामं असतात. रविवारी त्यांना एक काम आहे खरं. तुला फोन करायचाय त्यांना, आणि कारण काय काढावं ते कालपासून ठरवतायत. आज चहा पिताना मला सांगितलं, "पेटी पोचली का, ते विचारून घ्यायला हवं." ती बोट सुटायला अजून दहा दिवस आहेत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. तू काही बोलू नकोस. तू म्हण, "अजून नाही आली." म्हणजे ते त्याच्या पुढच्या रविवारी परत विचारतील.

तुझी,
टाचणी